पंचवीस टंच

घरात वजनकाटे दोन होते. एक खाली दुकानात, काचेच्या पेटीत. शेजारी कुणी शिंकलं तरी त्याचा आकडा हलायचा. दुसरा वरच्या खोलीत, पलंगाशेजारी फरशीवर. तो मार्चमध्ये आला, आणि त्याच्यावर रोज सकाळी चंद्रकांत स्वतः चढायचा. मोठ्या इस्पितळातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं: लघवी करून, चहाच्या आधी, एकाच कपड्यात उभं राहायचं आणि आकडा वहीत लिहायचा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करायचा. ती चरबी नव्हे, हृदयाला पुढं ढकलता न आलेलं पाणी.

वही चंद्रकांतनं दुकानाच्या वळणाची घातली. तारीख, वजन, शेरा. काटा दशांशाचं एकच घर दाखवायचा, पण हा लिहायचा ७१.४००. चाळीस वर्षं सोनं तोललेल्या माणसाला शेवटची दोन घरं मोकळी सोडवत नव्हती. शेऱ्यात कधी 'पाय सुजले', कधी 'पाय बरे', आणि एकदा 'आमटी अळणी'.

तो मूळचा विट्याकडचा, खानापूर तालुक्यातला. तिकडून घराघरातली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर गेली. हा चंदीगडला येऊन मनीमाजऱ्याच्या जुन्या बाजारात बसला. खाली भट्टी, वर दोन खोल्या. बाजारात त्याला नावानं फारसं कुणी ओळखत नसे. सगळे 'मराठा' म्हणत आणि तो ओ देई. हृदयाच्या तपासणीचा कागद हातात आला तेव्हा त्यानं बाकीचं इंग्रजी सोडून फक्त आकडा वाचला. हृदय शंभरातलं पंचवीसच ढकलतंय. ते त्याला दुसऱ्या कुणी समजावून सांगावं लागलं नाही. पंचवीस टंच. बाकी भेसळ. असला माल समोर आला असता तर आपण तो काट्यावरसुद्धा ठेवला नसता, असं तो येईल त्याला सांगायचा आणि हसता हसता खोकायचा.

या धंद्यात ओळखी-अनोळखीचा हिशेब बाकड्यावरून लागतो. भट्टीसमोर एक लाकडी बाकडं असतं. अनोळखी गिऱ्हाईक त्याच्यावर बसतं आणि आपलं सोनं मुशीत पडून, वितळून, साच्यात थिजेपर्यंत नजर हलवत नाही. चार-सहा वर्षं व्यवहार झाला की माणूस पुडी देतो, बाजारात चक्कर मारून येतो. आणि ज्याचा पुरा भरवसा बसलाय तो पुडी टाकतो आणि दुसऱ्या दिवशी येतो. गुरमेल सिंग सराफ त्या शेवटच्या जातीतला. सव्वीस वर्षांत त्याचं बूड त्या बाकड्याला लागलं नव्हतं.

चंद्रकांत चिठ्ठी ठेवत नसे. पुड्या फळीवर डावीकडून उजवीकडे, आल्या तशा. कुणाची कुठली, गाळायची की शुद्ध करायची की नुसता टंच, म्हणजे सोन्याचा कस, बघायचा, सगळं डोक्यात. चिठ्ठ्या लिहिणाऱ्या गलाईवाल्यांना तो कारकून म्हणायचा.

मे लागला. सकाळी दहालाच पत्रे तापायचे, भट्टीपुढं तर श्वाससुद्धा कढत. आणि त्यातच डॉक्टरीणबाईंनी पाणी दीड लिटरवर बांधून दिलेलं, चहा-डाळ धरून. सुशीला सकाळी बाटली भरायची आणि ती संपेल त्यावर दिवस मोजायची. चंद्रकांत पाणी प्यायचा, ओठ पुसायचा आणि पाव तासानं म्हणायचा, सकाळपासनं घोटभर दिलं न्हाईस. ती बाटली दाखवायची. तो बाटलीकडं असा बघायचा, जणू कुणीतरी मधल्यामध्ये माल हलवलाय.

म्हणून ती खाली येऊन बसायला लागली. बाजाराला सांगितलं, पाण्यावर लक्ष ठेवायला. तिलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं.

सोनं शुद्ध करायचं तर आधी त्यात दुपटीहून जास्त चांदी मिसळून गाळतात. मग ते तेजाबात उकळलं की चांदी आणि भेसळ दोन्ही विरघळतात आणि तळाशी सोन्याचा तपकिरी चुरा उरतो. सुशीलानं कधी चिमटा धरला नव्हता, पण तीस वर्षं जिन्यातून बघून तिला क्रम पाठ होता. एका मंगळवारी चंद्रकांतनं मुशीत चांदी टाकली, मळ सुटायला टाकणखार टाकला, कपाळ पुसलं, उठून पंख्याचं तोंड वळवलं, परत बसला आणि पुन्हा चांदी तोलून टाकली. ती बघत राहिली.  चांदी दुप्पट पडली म्हणून सोनं कुठं जात नाही, नुसतं तेजाब जास्त लागतं, एवढं तिला ठाऊक होतं. पण त्याच आठवड्यात तिनं गोळ्यांची पट्टी मोजली. लघवीची गोळी सोमवारी दोनदा गेलेली. गुरुवारी गेलीच नव्हती. आणि वजनाच्या वहीत येत्या परवाच्या तारखेचं वजन आजच लिहिलेलं होतं, तिन्ही दशांशांसकट.

गावाकडून आलेल्या चिंचेचे चिंचोके तिनं डब्यात ठेवलेले होते. दुसऱ्या दिवसापासून ती मूठभर ओच्यात घेऊन खाली यायची. मुशीत चांदी पडली की मुशीपुढं एक चिंचोका. टाकणखार पडला की दुसरा. कुणी विचारलं तर हाताला चाळा. तीन दिवस चंद्रकांतचं लक्ष नव्हतं. चौथ्या दिवशी चांदीचा डबा उचलून तो थांबला, चिंचोक्याकडं बघितलं, आणि डबा खाली ठेवला. पुढं तो रोज आधी तिथं बघायचा, मग हात चालवायचा. दोघांपैकी कुणीही त्याबद्दल शब्द काढला नाही. फक्त एकदा, झाडताना चिंचोका उडून भट्टीखाली गेला, तर तो गुडघ्यावर बसला आणि धापा टाकत तो चिमट्यानं बाहेर काढून जागच्या जागी ठेवला.

रविवारी ध्रुव आला. हा त्यांचा मुलगा, मोहालीत संगणकाच्या कंपनीत. आईवडील मराठीत बोलत, तो हिंदीत उत्तर देई. यात तिघांनाही वावगं वाटत नसे. त्यानं वही चाळली, गोळ्या बघितल्या आणि म्हणाला भट्टी बंद करा, माझ्याकडं चला, एसी आहे. चंद्रकांतनं विचारलं, एसीत बसून करायचं काय.  ध्रुव म्हणाला, आराम, यार पापा. चंद्रकांत म्हणाला, त्यो काय हुद्दा हाय व्हय.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी पायाची सूज दाबून बघितली, छाती ऐकली, वही बघितली आणि तीन दशांशांवर हसल्या. निशिगंधा त्यांचं नाव, लातूरच्या. मराठी ऐकून चंद्रकांत त्यांच्यापुढं जरा फुशारायचा. सुशीलानं गोळ्यांचं सांगितलं तसं हसू आवरून त्यांनी एक कागद काढला. म्हणाल्या, काका, थोडा खेळ खेळू. पाच शब्द सांगते, लक्षात ठेवा. आंबा, खुर्ची, नदी, पिवळा, सायकल. मग शंभरातून सात-सात वजा करायला लावले.

त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. त्या थांबा म्हणेपर्यंत चंद्रकांत दोनवर पोचला होता. घट काढण्यात आयुष्य गेलेला माणूस. त्यानं सुशीलाकडं असं बघितलं, की बघ, उगाच घाबरतेस.

मग त्यांनी घड्याळ काढायला सांगितलं, सव्वाचार वाजलेलं. त्यानं गोल झोकदार काढला. बारा लिहिले. एक, दोन, तीन, चार लिहिले आणि बाकीचे आकडे चाराच्या खाली एकाखाली एक उतरवत गेला, पुड्या मांडाव्यात तसे. डावी बाजू कोरी राहिली. काटे कुठं लावायचे म्हणून पेन्सिल हवेत धरून तो बराच वेळ बसला. खोलीत पंखा गरगरत होता. शेवटी त्यानं पेन्सिल टेबलावर नीट सरळ ठेवली आणि विचारलं, तुमचं घड्याळ कुठं हाय.

पाच शब्दांतला त्याला आंबा आठवला. बाकी चार त्यानं स्वतःच्या मनानं घातले.

त्याला वजन करायला बाहेर पाठवून डॉक्टरीणबाई सुशीलाशी बोलल्या. हे वेड नाही, म्हणाल्या. हृदय कमी ढकलतं, मेंदूला रक्त कमी पोचतं; या आजारात पुष्कळांचं असं होतं, फक्त घरचे म्हातारपण म्हणून सोडून देतात. जुना सराव टिकतो. मधेच हातातलं काम सुटलं की धागा सापडत नाही. औषधं नीट गेली, पाणी-मीठ सांभाळलं, तर थोडं सुधारतंही. कितपत, ते आज सांगता येत नाही. मग त्यांनी धंदा विचारला आणि तेजाबाचं ऐकून पेन खाली ठेवलं.

"भट्टी बंदच करा असं मी म्हणत नाही. तो माणूस रिकामा बसला तर आणखी खचेल. पण एकट्यानं नको. घटकाभरसुद्धा नको. आणि जे करायचंय ते लिहून समोर हवं."

परत येताना रिक्षात चंद्रकांतनं विचारलं, बाई काय बोलली. सुशीलानं मीठ कमी करा म्हणाली असं सांगितलं. तो पुढं बघत बसला. सेक्टरांचे चौक मागं पडत गेले, सगळे सारखे. मग म्हणाला, "बाजारात कळू दिऊ नगंस. सोनं इसरणाऱ्याकडं कोन देतंय?"

हे खरंच होतं. गलाईवाल्याचं भांडवल म्हणजे भट्टी नव्हे, भट्टी कुणीही घेतो. सुशीलानं होकारार्थी मान हलवली. डॉक्टरीणबाईंनी सांगूनही चिठ्ठ्या लिहायचं तिनं काढलं नाही. चिठ्ठी दिसली की बाजाराला कळणारच, आणि चिंचोक्यांवर तर चाललंय, असा तिचा हिशेब. तो चुकला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गुरमेल सिंग आला. अडुसष्ट वर्षांचा, पांढरी दाढी, गुडघ्यानं अधू. नातीचं लग्न ठरलेलं. त्यानं दोन पुड्या दिल्या. लाल थैलीत तुटक्या साखळ्या आणि जोड गेलेल्या बाळ्या, त्या गाळून लगड करायची. पांढऱ्या रुमालात त्याच्या आईची दोन सोन्याची कडी. ती गाळायची नाहीत, नुसता टंच बघून ठेवायचा; नातीला आहेत तशीच घालायचीत. एका कड्याला खोल चीर होती. त्याची आई गोठ्यात चारा कापायच्या यंत्रावर होती तेव्हा हात आत ओढला गेला आणि पातं कड्यावर अडकलं. मनगट वाचलं. आई पुढं चाळीस वर्षं त्याच हातानं जेवण वाढत होती. हे सगळं त्यानं सुशीलाला सांगितलं, कारण चंद्रकांतला त्यानं पूर्वी दहादा सांगितलेलं. मग पुड्या फळीवर ठेवून तो नेहमीसारखा गेला.

सुशीलानं ऐकलं. ती बसलेली होती.

अकराच्या सुमाराला वर कुकर लावलेला होता आणि सिलिंडरवाला जिन्यात हाका मारायला लागला. जुनं सिलिंडर काढून नवं जोडायचं, सही करायची. जिना चढताना तिनं खाली बघितलं. चंद्रकांत लाल थैलीतल्या साखळ्या मुशीत सोडत होता. ती वर गेली. सिलिंडरची चकती गळत होती, तो माणूस दुसरी आणायला गाडीकडं गेला. सगळं मिळून वीस मिनिटं.

ती खाली आली तेव्हा लगड साच्यात थिजत होती. पांढरा रुमाल गादीवर चौघडी करून ठेवलेला. रिकामा.

चंद्रकांत खुशीत होता. घामानं बनियन अंगाला चिकटलेलं, श्वास वर लागलेला, पण चेहरा मोकळा. म्हणाला, एकदमच गाळलं समदं, दोन खेपा कशाला.

सुशीला बाकड्यावर बसली. तिनं काट्याकडं बोट दाखवलं, तसं त्यानं लगड तोलली. साखळ्या, बाळ्या आणि कडी मिळून येईल तेवढंच वजन, मळ जळाला असेल तेवढी घट. सोन्याच्या हिशेबात कुठं काही गेलेलं नव्हतं. रुमालाच्या घडीत मात्र कड्यांचे दोन गोल वळ अजून दिसत होते.

"त्यानं नुसता टंच सांगितला हुता," ती म्हणाली.

चंद्रकांतनं लगडीकडं बघितलं, रुमालाकडं बघितलं. मग सावकाश फळीकडं, डावीकडून उजवीकडं. "मी हुतो का तवा?" त्यानं विचारलं.

दुपारभर दोघं जेवली नाहीत. त्यानं एकदा पाणी मागितलं, तिनं दिलं; बाटली तिनं दाखवली नाही आणि त्यानंही दीड लिटरचं भांडण काढलं नाही. चारच्या सुमारास त्यानं फक्त एवढं विचारलं, की चीर कुठल्या कड्याला होती. ती म्हणाली, डाव्या.

गुरमेल सिंग उद्या यायचा. सुशीलानं रात्री आडवं पडून सगळं जुळवलं. चिठ्ठी नाही. साक्षीला तिसरं कुणी नाही. गुरमेल सिंग स्वतः अडुसष्ट वर्षांचा. गेल्याच महिन्यात चष्मा कपाळावर ठेवून तो चष्मा शोधत होता. तुम्हीच गाळा म्हणालात, असं त्याला ठामपणे सांगितलं तर तो भांडणार नाही, स्वतःवरच संशय घेईल. बाजारात बोलला तरी स्वतःलाच दोष देईल. दुकान वाचतं, माणूस वाचतो. कड्यांचं झालं ते झालंच. असा ताळा तिनं दोन-तीनदा करून बघितला, प्रत्येक वेळी बरोबर आला, तरी झोप लागली नाही. शेजारी तीन उशांवर टेकून चंद्रकांत बसल्या बसल्या घोरत होता.

सकाळी गुरमेल सिंग आला तो गुडघा दाबत, हसत. लगड समोर ठेवली होती. त्यानं ती उचलली, हातातच तोलली आणि कडी मागितली.

सुशीलानं हिंदीत सांगितलं, ती यातच आहेत. सरदारजी, आपने ही तो कहा था, सब गला दो.

गुरमेल सिंगचं हसू तिथंच राहिलं. त्यानं लगड उलटी करून बघितली, जणू पाठीमागून कडी दिसतील. मग दाढीवरून हात फिरवला. म्हणाला, मी म्हणालो? ती म्हणाली, हो जी. तो उभाच होता. बाहेर कुणाची तरी स्कूटर चालू होत नव्हती, तिचे धक्के ऐकू येत होते. शेवटी तो हळूच म्हणाला, कहा होगा, बहनजी. आजकल मुझे भी… आणि हात हवेत फिरवून त्यानं ते वाक्य सोडून दिलं. घरी सुनेला काय सांगायचं, असं काहीतरी तो पंजाबीत स्वतःशी पुटपुटला आणि एकदम फार म्हातारा दिसायला लागला.

ताळा बरोबर आला होता. सुशीला ओच्यातले चिंचोके मुठीत धरून बसली होती.

चंद्रकांत तोवर मान खाली घालून मूस घासत होता. त्यानं ती खाली ठेवली.

"नहीं कहा तूने," तो म्हणाला. त्याची हिंदी चाळीस वर्षांत विट्याहून फार पुढं सरकली नव्हती. "मैं भूलता है. डॉक्टर के पास गया, घड्याळ निकालने को बोली, नहीं आया. ये बाई चिंचोके रखती है मेरे सामने, तब चांदी डालता है. तेरी माँ का कडा मैंने गलाया. तेरी गलती नहीं."

एवढं बोलायला त्याला दोनदा थांबावं लागलं, एकदा श्वासासाठी आणि एकदा शब्दासाठी.

गुरमेल सिंगनं सुशीलाकडं बघितलं. तिनं मान वर केली नाही. मग त्यानं चंद्रकांतकडं बघितलं, बराच वेळ, कसोटीच्या दगडावरची रेघ बघतात तसं.  लगड खिशात घातली, पांढरा रुमाल घडी न मोडता उचलला आणि गेला. काट्यावर ठेवून वजन बघितलं नाही. ते भरवशानं की वजनाशी आता काही देणंघेणं उरलं नाही म्हणून, हे सुशीलाला ओळखता आलं नाही.

आठवडाभर बाजारातून एकही पुडी आली नाही. गुरमेल सिंगनंच सांगितलं असेल, किंवा कुणीच काही सांगितलं नसेल आणि जूनमध्ये काम तसंही कमी असेल; दोन्ही बाजूंनी हिशेब लागत होता. चंद्रकांत रोज खाली येऊन थंड भट्टीपुढं बसायचा. वजन ७१.४००, ७१.६००, ७१.५००. वही आता सुशीला लिहायची. तिनं एकदा नुसतं ७१.५ लिहिलं, तर त्यानं वही ओढून दोन शून्यं घातली. ध्रुवचा फोन आला, मग कधी येताय. सुशीला म्हणाली, बघू.

नवव्या दिवशी सकाळी गुरमेल सिंग आला. हातात एकच पुडी, जुन्या बांगड्यांची. लग्नासाठी शुद्ध करून हवी होती. पुडीला टाचणीनं चिठ्ठी लावलेली, मोठ्या अक्षरात, हिंदीत: शुद्ध करायचं. वजन इतकं. तारीख. त्यानं ती फळीवर ठेवली. चंद्रकांतनं चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली. कारकून हा शब्द त्याच्या तोंडावर येऊन गेला असावा. त्यानं तो गिळला.

सुशीलाला वाटलं आता तो जाईल. तो गेला नाही. गुडघा दाबत, एका हातानं भिंत धरत तो सावकाश खाली वाकला आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा बाकड्यावर बसला.

चंद्रकांत क्षणभर त्याच्याकडं बघत राहिला. अनोळखी गिऱ्हाईक बसतं तिथंच, तसाच, भट्टीकडं नजर लावून. मग त्यानं भट्टी पेटवली. बांगड्या मुशीत सोडल्या. चांदी तोलली, टाकली. हवा वाढवली. कानशिलांवरून घाम गळ्यात उतरत होता. सुशीलानं बाटलीतलं घोटभर पाणी दिलं, ते पिऊन त्यानं ओठ पुसले आणि परत भट्टीकडं वळला. त्याचा हात चांदीच्या डब्याकडं गेला आणि मध्येच थांबला. त्या दिवशी तिचे चिंचोके वरच राहिले होते.

त्यानं मुशीकडं बघितलं. सुशीला तोंड उघडणार होती.

"पै गई, मराठे," बाकड्यावरून गुरमेल सिंग म्हणाला. "चांदी पड़ गई. मैं देख रहा हूँ."

चंद्रकांतनं डब्याचं झाकण लावलं आणि टाकणखार घेतला.